पावसातले आम्ल आणि पोटातले आम्ल : आधी मोजा, मग चुना

मागील खरिपात वर्धा जिल्ह्यातील एका गावी शेतकरी मेळावा होता. चर्चेच्या वेळी एक वयस्कर शेतकरी उठून म्हणाले, "साहेब, आता पाणीच तेजाबी पडून राह्यलं म्हनते. माही कपाशी लाल झाली. पाच गोण्या चुना आनून ठेवला. टाकू काय वावरात?" त्यांना चुना तूर्त तसाच ठेवायला सांगितला. दुपारी जेवणे झाल्यावर याच काकाजींनी खिशातून पुडी काढली आणि चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यातून घेतला. विचारले तेव्हा म्हणाले, "पित्त होते. चार-पाच वर्सं झाली, रोजच घेतो."

शेतात चुना आणि पोटात सोडा हा एकच विचार आहे. आम्ल म्हणजे वाईट, ते मारून टाकले की काम झाले, अशी समजूत त्यामागे असते. प्रत्यक्षात आम्ल पावसातही असते, पोटातही असते आणि दोन्ही ठिकाणी त्याला काम आहे. ते किती आहे, कोठे आहे आणि त्याला आवरणारे काय आहे, हे पाहिल्याशिवाय केलेला उपाय पैसा वाया घालवतो आणि कधी कधी जिवावरही बेततो. म्हणून या लेखात दोन्ही आम्लांची माहिती एकत्र देत आहोत.

सामू म्हणजे काय?

आम्लता मोजण्याच्या मापाला सामू म्हणतात. हे माप साधारणपणे 0 ते 14 असे असते. 7 म्हणजे उदासीन, 7 पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी आणि 7 पेक्षा जास्त म्हणजे विम्लधर्मी. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहा पटीने वाढते. सामू 6 असलेल्या पाण्यापेक्षा सामू 5 असलेले पाणी दहापट आणि सामू 4 असलेले पाणी शंभरपट आम्लधर्मी असते. लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 2.5, ताकाचा सुमारे 4.5, तर आपल्या जिल्ह्यातील बहुतेक काळ्या जमिनींचा 7.5 ते 8.5 असतो.

आम्ल पाऊस कसा तयार होतो?

स्वच्छ हवेतून पडणारे पावसाचे पाणीसुद्धा उदासीन नसते. हवेतील कर्बद्विप्राणिल वायू थेंबात विरघळतो, त्याचे सौम्य कार्बनिक आम्ल बनते आणि पाण्याचा सामू सुमारे 5.6 होतो. यापेक्षा सामू खाली गेला की त्या पावसाला आम्ल पाऊस म्हणतात.

हे जास्तीचे आम्ल मुख्यतः दोन वायूंपासून येते. पहिला सल्फर डायऑक्साइड. दगडी कोळसा व खनिज तेल जळताना त्यातील गंधक जळून हा वायू तयार होतो. दुसरा गट नत्राच्या प्राणिलांचा. मोटारी, कारखान्यांच्या भट्ट्या आणि आकाशातील विजा यांच्या प्रखर उष्णतेने हवेतील नत्र व प्राणवायू एकत्र येऊन ते तयार होतात. हे वायू वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. वाटेत प्राणवायू व पाण्याशी संयोग होऊन त्यांचे गंधकाम्ल आणि नत्राम्ल बनते आणि ते पावसाबरोबर खाली येते. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या गिरण्यांच्या धुरामुळे तेथील पाऊस आम्लधर्मी होतो, हे रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने 1852 मध्ये दाखवून दिले होते.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

विदर्भात कोळसा भरपूर आणि त्यावर चालणारी वीजकेंद्रेही मोठी आहेत. चंद्रपूरचे केंद्र 2920 मेगावॅटचे आहे. नागपूर जिल्ह्यात कोराडी, खापरखेडा व मौदा येथे केंद्रे आहेत. मग आपला पाऊस तेजाबी कसा नाही, हा प्रश्न रास्त आहे. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले, आपल्या देशी कोळशात राख भरपूर, पण गंधक साधारण अर्धा टक्काच असते. दुसरे, आपल्या हवेत मातीची धूळ खूप असते. या धुळीत चुन्याचा अंश असतो आणि तो पावसाच्या थेंबातील आम्ल आकाशातच मारतो. तिसरे, आपला बहुतांश पाऊस मोसमी वाऱ्यांचा. हे वारे पश्चिम व नैऋत्येकडून येतात. कोराडी आपल्या ईशान्येला आणि चंद्रपूर आग्नेयेला आहे. म्हणजे पावसाळ्यात तेथील धूर बहुधा आपल्यापासून दूर, पूर्वेकडे जातो. हिवाळ्यात वारे उलट दिशेने वाहतात, पण तेव्हा पाऊस थोडाच असतो.

अर्थात निश्चिंत राहावे असेही नाही. भारतीय हवामान खात्याने 1970 च्या दशकात हवा व पावसाचे पाणी तपासणारी केंद्रे देशात सुरू केली. त्यांत नागपूर आणि पुणे ही महाराष्ट्रातील दोन. सुरुवातीच्या काळात बहुतेक केंद्रांवरील पाऊस विम्लधर्मी आढळत असे. पुढे अनेक केंद्रांवर सामू हळूहळू उतरत गेल्याचे दिसले. वीजकेंद्रांच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडवर केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये मर्यादा घातली, पण तिची मुदत वारंवार वाढली आणि 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना धुरातील गंधक काढण्याच्या यंत्रणेची सक्ती उरली नाही. या वायूपासून हवेत अतिसूक्ष्म कण बनतात. ते शेतापेक्षा आपल्या फुप्फुसांना अधिक घातक आहेत, हे ध्यानात असू द्यावे.

काळ्या जमिनीचा हिशेब

आता काकाजींच्या चुन्याकडे येऊ. समजा, आपल्याकडे वर्षाचा 1000 मि.मी. पाऊस पूर्णपणे आम्लधर्मी, सामू 4.5 चा पडला. एक हेक्टरवर पडलेल्या या सर्व पाण्यातील आम्ल मारायला किती चुनखडी लागेल? हिशेब केला तर उत्तर येते सुमारे 16 किलो.

आपल्या काळ्या जमिनी बेसाल्ट खडकापासून बनलेल्या असून त्यांत मुळातच चुनखडी असते. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या 15 सें.मी. थराचे वजन सुमारे 20 लाख किलो भरते. त्यात 5 टक्के चुनखडी धरली तर ती झाली 1 लाख किलो. दरवर्षी 16 किलो याप्रमाणे ती संपायला सहा हजारांवर वर्षे लागतील. म्हणजे चुना निसर्गाने आधीच टाकून ठेवला आहे.

आणखी एक गंमत पाहा. 100 किलो अमोनियम सल्फेटमुळे जमिनीत जेवढी आम्लता निर्माण होऊ शकते, ती मारण्यास सुमारे 110 किलो चुनखडी लागते. युरियासाठी हा आकडा 100 किलोला सुमारे 80 किलो धरतात. म्हणजे 45 किलो युरियाच्या एका गोणीची आम्लता सुमारे 36 किलो चुनखडीची झाली. वरील तेजाबी पावसाच्या पूर्ण वर्षापेक्षा ती दुपटीहून अधिक आहे. तेव्हा आभाळाकडे पाहण्याआधी आपल्या खताच्या गोणीकडे पाहावे.

उलट, विम्लधर्मी जमिनीत आणखी चुना टाकल्यास लोह, जस्त व स्फुरद पिकाला मिळणे अधिक अवघड होते. संत्र्याची व सोयाबीनची कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात, ती बहुधा याच कारणाने. कोकणातील जांभ्या जमिनी मुळातच आम्लधर्मी आहेत व त्यांत चुनखडी जवळजवळ नसते. तेथे माती परीक्षण करून चुना देणे योग्य ठरते. तेथील शिफारस वर्ध्यात लागू पडत नाही.

मग कपाशी लाल का झाली?

कपाशीचा लाल्या पावसातील आम्लाने होत नाही. बोंडे भरण्याच्या वेळी नत्र कमी पडणे, मॅग्नेशियमची कमतरता, शेतात पाणी साचून मुळे गुदमरणे, रात्रीचे तापमान एकदम उतरणे आणि तुडतुड्यांचा उपद्रव ही त्याची नेहमीची कारणे आहेत. तुडतुड्यांमुळे पानांच्या कडा आधी पिवळसर होऊन मुरडतात व नंतर लाल होतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होतो आणि सुरुवात खालच्या पानांपासून होते. त्यामुळे आधी पान उलटून पाहावे.

उपाय म्हणून साचलेले पाणी चर काढून बाहेर काढावे. नत्राची मात्रा एकदम न देता विभागून द्यावी. माती परीक्षणानुसार हेक्टरी 20 ते 25 किलो मॅग्नेशियम सल्फेट जमिनीतून द्यावे. उभ्या पिकात लक्षणे दिसताच 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट मिसळून फवारावे. नत्र कमी असल्यास 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरियाची फवारणी करावी. पूर्ण लाल झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही, म्हणून फवारणी वेळेवर हवी.

पोटातील आम्ल कशासाठी?

आता दुसऱ्या आम्लाकडे वळू. भाकरीचा घास तोंडात बराच वेळ चावला तर गोड लागू लागतो. लाळेतील पाचकरस भाकरीतील पिष्टाची साखर करू लागतो, त्यामुळे ही गोडी येते. पचनाची सुरुवात तोंडात होते. घाईने गिळलेल्या घासाचे अर्धवट काम पुढे पोटावर पडते.

घास अन्ननलिकेतून जठरात उतरतो. जठर दिवसाकाठी दीड ते दोन लिटर पाचकरस तयार करते. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि रसाचा सामू 1.5 ते 3 असतो. वर सांगितलेल्या तेजाबी पावसापेक्षा ते सुमारे 300 पट तीव्र भरेल. तुरीच्या वरणातील, दुधातील व अंड्यातील प्रथिने या आम्लाने सैल होतात आणि पेप्सिन नावाचा पाचकरस त्यांचे तुकडे करतो. अन्नपाण्यातून आलेले बरेचसे रोगजंतू येथेच मरतात. पालेभाजीतील लोह रक्तात शिरायलाही या आम्लाची मदत होते.

मग एवढ्या आम्लाने जठर स्वतःच का जळत नाही? जठराच्या आतून चिकट श्लेष्माचा थर असतो व त्यात आम्लाला मारणारा क्षार असतो. काळ्या मातीत जे काम चुनखडी करते, तेच येथे हा थर करतो. दोन ते चार तासांनी अन्न लहान आतड्यात जाते. तेथे स्वादुपिंडाचा विम्लधर्मी रस आम्लता संपवतो, यकृताकडून आलेले पित्त स्निग्ध पदार्थ फोडते आणि सुमारे सहा मीटर लांबीच्या या आतड्यातून अन्नरस रक्तात शोषला जातो. उरलेल्या चोथ्यातील पाणी मोठे आतडे शोषून घेते. डाळी-कडधान्यांमुळे होणारा वायू मोठ्या आतड्यातील जिवाणूंमुळे होतो. कडधान्य भिजवून ते पाणी टाकून दिल्यास तो कमी होतो. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकण्याची पद्धत मात्र सोडावी, कारण त्याने डाळीतील ब-1 जीवनसत्त्व नष्ट होते.

जळजळ आणि सोडा

जळजळ होते म्हणजे आम्ल फार झाले असेच नाही. पुष्कळदा आम्ल वर अन्ननलिकेत चढते किंवा जठराचा संरक्षक थर झिजलेला असतो. खर्रा, तंबाखू, दारू आणि उपाशीपोटी घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्या ही त्याची मोठी कारणे आहेत. जठरातील व्रण बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे होतात. हा शोध लावणाऱ्या मार्शल व वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना 2005 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अशा व्रणावर सोड्याने घटकाभर बरे वाटते, पण व्रण आत वाढतच राहतो. शिवाय अर्ध्या लहान चमचा सोड्यात सुमारे 600 मिलिग्रॅम सोडियम असते. रक्तदाबाच्या रुग्णाला रोज एवढे परवडत नाही.

काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, विनाकारण वजन घटणे यांपैकी काहीही दिसल्यास विनाविलंब दवाखाना गाठावा. छातीत जळजळीबरोबर घाम येत असेल व कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. अशा वेळी सोडा घेऊन वाट पाहत बसू नये.

लक्षात ठेवावयाचे मुद्दे

1. माती परीक्षण केल्याशिवाय शेतात चुना टाकू नये. जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी याबाबत सेलसुरा येथील कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

2. पावसाचे पाणी तपासायचे असल्यास उघड्या जागी, झाडापासून व छपरापासून दूर, स्वच्छ प्लॅस्टिकच्या भांड्यात धरावे आणि लवकरात लवकर सामूमापक यंत्रावर तपासून घ्यावे. रंग बदलणाऱ्या कागदावर पावसाच्या पाण्याचा सामू बरोबर कळत नाही.

3. वीटभट्टी किंवा कारखान्याजवळील पिकाची पाने भाजल्यासारखी दिसल्यास ते धुराचे किंवा राखेचे नुकसान असू शकते. पानांचे नमुने व तारीख जपून ठेवावी आणि कृषि अधिकाऱ्यांना लेखी कळवावे.

4. घास सावकाश चावावा, जेवून लगेच आडवे होऊ नये, उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या घेऊ नयेत.

5. जळजळ दोन आठवड्यांवर राहिल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

काकाजींच्या मातीचा सामू 8.1 निघाला. चुन्याच्या त्या पाच गोण्या पुढे घराच्या भिंतींना लागल्या. पोटाच्या तपासणीत व्रण सापडला, औषधोपचार झाले आणि सोड्याची पुडी सुटली. शेताला दुखणे कशाचे आहे हे जसे मातीचा नमुना सांगतो, तसे पोटाला कशाचे आहे हे तपासणी सांगते. शेतकरी बंधूंनी दोन्हींचा लाभ घ्यावा, ही विनंती.