अंडे, मेथी आणि पहिला तास

पदवीच्या पहिल्या वर्षी मी बेळगावात खोली घेऊन राहू लागलो, तेव्हा माझी न्याहारी म्हणजे एक कप चहा. एके दिवशी रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला उभा असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मटकन स्टुलावर बसलो. सरांनी विचारले, "सकाळी काय खाल्लेस?" मी "चपाती-भाजी" असे ठोकून दिले. भुकेपेक्षा त्या खोट्याचीच लाज अधिक वाटली. संध्याकाळी चार अंडी आणि मेथीची जुडी घेऊनच खोलीवर आलो.

खोलीतला माझा सोबती गोकाकचा, कन्नड भाषिक. त्याची 'मेंत्य सोप्पु' आणि माझी मेथी एकाच कढईत पडली खरी, पण पहिला प्रयत्न साफ फसला. अंडी चिवट, मेथी कडू आणि तळाशी पाणीच पाणी! असे का झाले, याचा शोध घेताना जे हाती लागले ते येथे सांगतो.

पहिली गोष्ट पाण्याची. पालेभाजीत शेकडा पंच्याऐंशीहून अधिक भाग पाणीच असते आणि मीठ पडताच ते सुटू लागते. आम्ही अंडी व मेथी एकदमच टाकली होती. मेथी आधी परतून तिचे पाणी आटवले पाहिजे.

दुसरी तिखटाची. मिरचीतील झोंबणारे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून तिखट वरून भुरभुरण्यापेक्षा तेलात पडलेले बरे. दोघांसाठी दोन चमचे तेलात जिरे, चार लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या व एक कांदा परतावा. मग अर्धा चमचा ब्याडगी मिरचीची पूड घालावी. हावेरी जिल्ह्यातील ही मिरची रंगाला गडद, पण तिखटपणाला बेताची. पूड जळू मात्र देऊ नये. लगेच एक टोमॅटो, अर्धी जुडी चिरलेली मेथी आणि मीठ घालावे. मिठाने व टोमॅटोच्या आंबटपणाने मेथीचा कडवटपणा पुष्कळ झाकला जातो.

तिसरी आचेची. पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसला गोठू लागतो, बलक ६५ ते ७० च्या दरम्यान. त्यापुढे आच वाढत गेली की प्रथिने आवळतात, आतले पाणी पिळून बाहेर टाकतात आणि अंडे रबरासारखे होते. म्हणून आच मंद करावी, भाजीत चार खळगे करून एकेक अंडे वाटीत फोडून त्यांत सोडावे व झाकण ठेवावे. पाचेक मिनिटांत बलक घट्ट झाला की कढई लगेच उतरवावी.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, पण 'क' जीवनसत्त्व मुळीच नाही. वर लिंबू पिळले की ते मिळते आणि मेथीतले लोहही अंगी अधिक लागते. उलट जेवणाबरोबरचा चहा ते लोह शोषू देत नाही. म्हणून चहा तासाभराने.

सोबत्याच्या घरून येणाऱ्या ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर हे खाऊन निघाल्यापासून पहिल्या तासाला पुन्हा अंधारी आली नाही.

आमच्या घरी कोंबड्या आहेत. पण अंडी एक तर बाजारात जातात, नाही तर धाकट्यांच्या ताटात. आईचे हिमोग्लोबिन कमी आहे, गोळ्या चालू आहेत. दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी मी कढई चढवली आणि तिच्या ताटात दोन अंडी वाढली. तिने सवयीने एक बहिणीकडे सरकवले. मी ते परत तिच्या ताटात ठेवले आणि प्रात्यक्षिकाच्या वेळची सारी हकीकत, खोट्यासकट, तिला सांगितली. ती काही बोलली नाही. दोन्ही अंडी मात्र तिने खाल्ली. आणि चहा मागितला तो तासाभराने.