पोरगा नेमका खेळतो तरी कुठे?

मेलबर्नमध्ये सोमवारी सकाळी ट्राममध्ये किंवा ऑफिसात चहा-कॉफीच्या वेळी आदल्या दोन दिवसांतल्या फूटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या, सामन्यांची चिरफाड कानावर पडल्याशिवाय राहत नाही. त्यात एक तक्रार दर हंगामात असतेच, फक्त खेळाडूचं नाव बदलतं. 'पोरगा गुणी आहे हो, पण कधी मागे खेळवतात, कधी मध्ये, कधी पुढे. अशानं याचं व्हायचं काय?' तिथे स्थायिक झालेले मराठी आईबापही, मुलं 'ऑस्किक' या लहानांच्या फूटी वर्गाला जायला लागली की, हळूहळू याच सुरात बोलू लागतात.

ही काळजी खरी असते, पण तिच्यामागची बरीचशी गृहीतकं चुकीची असतात. त्यातली काही क्रिकेटवरून आलेली आहेत आणि त्याला कारणही आहे. हा खेळ क्रिकेटच्याच घरात जन्मला. हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी अंग आळसावू देऊ नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढा, असं पत्र टॉम विल्स या क्रिकेटपटूनं १८५८ मध्ये वर्तमानपत्रात लिहिलं आणि १८५९ मध्ये मेलबर्न क्लबानं पहिले नियम कागदावर उतरवले. आपण ज्या एमसीजीवर बॉक्सिंग डेची कसोटी बघतो, तिथेच सप्टेंबरच्या अखेरीस या खेळाची ग्रँड फायनल होते.

मैदान सोडलं तर मात्र दोन्हींत फारसं साम्य उरत नाही. लंबगोल मैदानावर एका बाजूचे १८ जण. चेंडू लाथेनं उडवायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं मारायचा, फेकायचा नाही. मधल्या दोन खांबांतून लाथेनं गेला तर ६ गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर १. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथे ऑफसाइड नाही. कुणीही कुठेही धावू शकतो. संघाच्या यादीत फुल बॅक, हाफ-बॅक, विंग, रकमन, फुल फॉरवर्ड अशी नावं छापतात खरी, पण २०१९ पासून आलेल्या नियमानं मैदानाच्या तीन भागांत सहा-सहा खेळाडू उभे करणं बंधनकारक असतं ते फक्त मध्यावरून खेळ सुरू होताना. एकदा चेंडू हलला की छापील जागा म्हणजे नुसता अंदाज.

'मागे पाठवलं म्हणजे प्रशिक्षकाचा भरवसा उडाला'

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आणि सगळ्यात कमी आधार असलेला समज हाच.

हॅरी शीझलचं उदाहरण घ्या. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, नॉर्थ मेलबर्ननं त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचलला, तो गोल करणारा फॉरवर्ड म्हणून. २०२३ मध्ये पहिल्याच हंगामात त्याला उभा केला हाफ-बॅकवर, म्हणजे स्वतःच्या गोलकडच्या बाजूला. ज्याच्या पायात गोल आहेत त्याला गोलपासून शंभर मीटर लांब ठेवायचं, हे कुणालाही विचित्रच वाटेल. वर्ष संपलं तेव्हा त्याच्याकडे एएफएल या मुख्य लीगचा नवोदितांसाठीचा 'रायझिंग स्टार' पुरस्कार होता आणि क्लबातला वर्षातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला होता. मग त्याला मिडफिल्डमध्ये आणलं.

कॉलिंगवुडच्या निक डेकोसची वाटही हीच. ज्युनियर वयात मिडफिल्डर, २०२२ मध्ये पहिल्या वर्षी हाफ-बॅक, त्याच वर्षी रायझिंग स्टार आणि नंतर मिडफिल्डमध्ये. सिडनीचा कॅलम मिल्स तर २०१६ मध्ये हा पुरस्कार मिळवूनही पुढे कित्येक वर्षं बचावातच खेळला, २०२१ मध्ये कुठे तो मध्यावर आला आणि पुढे कर्णधार झाला.

हाफ-बॅकच का? कारण तिथून मैदान समोर दिसतं. मिडफिल्डरच्या अंगावर चारही बाजूंनी माणसं येतात, पाठीमागून कोण झेपावतंय ते कळत नाही आणि चेंडू बहुधा दहा जणांच्या गर्दीत जमिनीवर असतो. ज्यांच्याशी झटायचं ते पंचवीस-सत्तावीस वर्षांचे, सात-आठ वर्षं व्यायामशाळेत घालवलेले गडी. अठरा वर्षांचं शरीर तिथे रोज आपटलं तर दुखापत ठरलेली. हाफ-बॅकवर चेंडू पुष्कळदा मोकळ्या जागेत मिळतो, डोकं वर करून बघायला क्षणभर वेळ मिळतो आणि मोठ्यांच्या खेळाचा वेग अंगवळणी पडतो. शिवाय ज्याची किक अचूक आहे त्याच्या पायातून हल्ला सुरू व्हावा, हे कुठल्याही प्रशिक्षकाला हवंच असतं. तेव्हा ती शिक्षा नव्हे, बहुतेक वेळा विश्वासाची खूण असते.

उलट दिशेचे प्रवासही आहेत. वेस्टर्न बुलडॉग्जनं २०१७ मध्ये घेतलेला आरन नॉटन पहिलं वर्ष बचावात खेळला आणि दुसऱ्या वर्षापासून पुढच्या फळीत उंच झेप घेऊन झेल पकडू लागला. गोलवर डोळा ठेवून येणारा चेंडू कसा वाचायचा हे एक वर्ष बचावात उभं राहून शिकलेल्या माणसाला बचावपटू कुठे चुकतो ते आपसूक कळत असणार, असं मला वाटतं. गॅरी अॅब्लेट ज्युनियर २००२ मध्ये आला तो छोटा, चपळ फॉरवर्ड म्हणून. मिडफिल्डर म्हणून तो खऱ्या अर्थानं फुलला २००७ मध्ये, आणि नंतर लीगच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं ब्राउनलो पदक त्यानं २००९ व २०१३ असं दोनदा घेतलं. पाचव्या वर्षी त्याच्यावर 'चांगला फॉरवर्ड, बस' असा शिक्का मारणारे चूक नव्हते, घाईत होते.

आता प्रेक्षक नेहमीच चुकतात असंही नाही. कधी कधी पोराला हलवतात ते केवळ दुसरा कुणी जखमी झाला म्हणून. फरक ओळखायचा तर एक सोपी गोष्ट बघावी: नव्या जागी त्याला सलग सात-आठ सामने मिळताहेत का? मिळत असतील तर त्यामागे काही विचार आहे. दर आठवड्याला जागा बदलत असेल, तर तक्रार करायला हरकत नाही.

'ड्राफ्टचा आकडा बोलतो'

दरवर्षी नोव्हेंबरात अठराच्या आसपासच्या मुलांची निवड होते, आणि गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली पाळी मिळते. त्यामुळे कितव्या क्रमांकावर घेतला हा आकडा मुलाच्या नावाला जन्मभर चिकटतो. जेम्स हर्डला १९९० मध्ये ७९ व्या क्रमांकावर घेतलं होतं, अॅडम गुड्सला १९९७ मध्ये ४३ व्या, लॅची नीलला २०११ मध्ये ५८ व्या. तिघांनीही ब्राउनलो जिंकलं, गुड्स आणि नीलनं तर दोनदा. याउलट २००८ च्या ड्राफ्टमधला पहिला, मेलबर्न क्लबचा जॅक वॉट्स. शाळेत असतानाच, २००९ मध्ये राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीच्या सामन्यात कॉलिंगवुडविरुद्ध एमसीजीवर त्याला उतरवलं. पुढे तो बरीच वर्षं खेळला आणि चांगलाही खेळला, पण प्रत्येक सामन्यानंतर त्याचं मोजमाप झालं ते 'पहिला नंबर' या फूटपट्टीनं.

अर्थात, पहिल्या दहांतली मुलं सरासरीनं जास्त टिकतात, हेही तितकंच खरं. निवड करणारे लोक आंधळे नसतात. पण काही आकड्यांना तर काहीच अर्थ नसतो. वडील एखाद्या क्लबकडून १०० सामने खेळलेले असले तर मुलावर त्या क्लबाचा हक्क असतो. अॅब्लेट ज्युनियर २००१ मध्ये ४० व्या क्रमांकावर गेला, तो त्या काळी अशा मुलांसाठी क्लबाला तिसऱ्या फेरीची पाळी खर्चावी लागे म्हणून. त्याच्या गुणवत्तेशी त्या चाळिसाचा संबंध नव्हता.

'चेंडू किती वेळा मिळाला ते सांगा'

किक आणि मुठीचे पास मिळून जो आकडा होतो त्याला डिस्पोजल म्हणतात, आणि सामन्यानंतर पहिल्यांदा तोच बघितला जातो. तीस झाले तर भारी, दहा झाले तर संपलाच. या आकड्याला गेल्या काही वर्षांत फॅन्टसी लीगनं नको इतकं वजन दिलं आहे. लीगच्या फॅन्टसी खेळात किकला ३, मुठीच्या पासला २, झेलाला ३, टॅकलला ४ आणि गोलला ६ गुण मिळतात. बचावपटूनं हवेत झेपावून प्रतिस्पर्ध्याच्या हातातला झेल मुठीनं उडवला तर? शून्य. सामन्यात तोच क्षण कदाचित सहा गुण वाचवून गेलेला असतो.

जागा बदलत खेळणाऱ्या पोरावर या आकड्याचा सगळ्यात जास्त अन्याय होतो. मागच्या आठवड्यात हाफ-बॅकवर २६ डिस्पोजल आणि या आठवड्यात पुढच्या फळीत ११, म्हणजे फॉर्म गेला, असा निष्कर्ष काढला जातो. पण छोट्या फॉरवर्डचं अर्धं काम चेंडू नसताना चालतं. बचावपटूचा पाठलाग करून त्याची किक वाकडी जाईल असं बघायचं, टॅकल मारायचा, चेंडू तिथेच अडकवून ठेवायचा. लीगची अधिकृत आकडेवारी ठेवणारी 'चॅम्पियन डेटा' ही कंपनी असले दबावाचे प्रसंगही मोजते, गर्दीतून मिळवलेले चेंडू वेगळे मोजते, चेंडू किती मीटर पुढे नेला आणि किती गुणांच्या हल्ल्यांत हात होता तेही मोजते. एका आकड्यावर विसंबायचंच असेल तर शेवटचा बघावा, असं माझं मत.

'उंच पोरगं तीन वर्षांत दिसलं नाही, म्हणजे गेलं'

मॅक्स गॉन २००९ मध्ये ३४ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याचा पहिला सामना २०११ मध्ये झाला, मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात तो पहिल्यांदा आला २०१६ मध्ये. २०२१ मध्ये मेलबर्ननं विजेतेपद मिळवलं तेव्हा कर्णधार तोच होता. रकमनचं काम म्हणजे पंचानं वर फेकलेल्या चेंडूसाठी समोरच्या उंचाशी छातीला छाती भिडवून उडी मारायची. दोन मीटरचं, पण अजून न भरलेलं अंग तिथे टिकत नाही. उंच खेळाडूंना निदान पाच हंगाम द्यावेत. तेवढा धीर प्रेक्षकांना नसतो, आणि क्लबांनाही पुष्कळदा नसतो.

धीराचा विषय निघालाच आहे तर रायझिंग स्टारबद्दल थोडक्यात. वर्षाच्या सुरुवातीला एकविशीच्या आतला आणि आधी दहापेक्षा जास्त सामने न खेळलेला, ही पात्रतेची मुख्य अट. २०१४ मध्ये हा पुरस्कार ब्रिस्बेनच्या लुइस टेलरला मिळाला आणि मार्कस बॉन्टेम्पेली मागे राहिला. दोनच वर्षांनी बुलडॉग्जनं ६२ वर्षांनंतर विजेतेपद जिंकलं तेव्हा बॉन्टेम्पेली त्या संघाचा आधार होता. पुढे तो त्यांचा कर्णधार झाला. पुढे सिडनीकडे गेलेल्या टेलरला त्यांनी नंतर सोडून दिलं. पुरस्कार त्या वर्षापुरता खराच होता.

दुय्यम पातळीच्या व्हीएफएलमध्ये पाठवणं ही हकालपट्टी, हा समजही असाच. २०१९ मध्ये रिचमंडचा मार्लियन पिकेट व्हीएफएलच्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि एका आठवड्यानं एएफएलच्या ग्रँड फायनलमध्ये त्यानं पदार्पण केलं. वय २७. रिचमंड ८९ गुणांनी जिंकलं.

'हा म्हणजे त्यांचा ऑल-राउंडर'

आपल्याकडचे लोक ही तुलना हमखास करतात, आणि ती फसवी आहे. कपिल देव एकाच सामन्यात गोलंदाजीही करायचा आणि फलंदाजीही, दोन्ही कामं धावफलकावर दिसायची. फूटीत जागा बदलत राहणारा खेळाडू एका वेळी एकच काम करतो आणि त्यातही बहुधा कुणाची तरी पोकळी भरतो. म्हणून त्याला शाबासकी कमी मिळते. ब्राउनलो पदकासाठी पंच प्रत्येक साखळी सामन्यात तिघांना ३, २, १ अशी मतं देतात, आणि पंच चेंडूच्या जवळ असतात. २००४ पासूनचे विजेते बघितले तर जवळजवळ सगळे मिडफिल्डर. जो दर महिन्याला जागा बदलतो, त्याचं नाव तिथे येणं अवघडच. म्हणूनच रकमन, मिडफिल्डर आणि फॉरवर्ड अशा तिन्ही भूमिका केलेल्या गुड्सनं ते दोनदा मिळवणं मोठं वाटतं. सिडनीकडून तो ३७२ सामने खेळला.

आणि ज्यांना शेवटपर्यंत एक जागा मिळतच नाही, त्यांचं काय? जिलाँगचा मार्क ब्लिकॅव्ह्स हा ३००० मीटर स्टीपलचेसचा धावपटू. लंडन ऑलिंपिकचं स्वप्न सोडून तो या खेळात आला आणि २०१३ मध्ये पहिला सामना खेळला. २०१५ मध्ये क्लबातला सर्वोत्तम ठरला तेव्हा तो रकमनचं आणि मध्यावरचं काम करत होता. २०१८ मध्ये पुन्हा ठरला, तेव्हा मोठ्या फॉरवर्ड्सना रोखणारा बचावपटू म्हणून. २०२२ मध्ये जिलाँग विजेतं झालं, त्या संघात तो पुन्हा रकमनचं काम वाटून घेत होता. अडीचशेहून जास्त सामने झाले, तरी संघ जाहीर झाला की जिलाँगचे लोक अजून विचारतात, ब्लिकॅव्ह्स या आठवड्यात कुठे?