हाताने पॉलिश की यंत्राने? मोटारगाडीच्या रंगाची निगा

पावसाळा ओसरून रस्ते कोरडे झाले, की डिचोली तालुक्यातील मुळगाव, शिरगाव, मये, पिळगाव या भागांत तांबडी धूळ उडू लागते. येथील जमीन जांभ्या दगडाची असून तिच्या पोटात लोहखनिज आहे. खाणींतून मांडवीच्या काठावरील धक्क्यांकडे खनिज वाहून नेणाऱ्या टिप्परांनी ही धूळ अनेक वर्षे रस्त्यांवर आणि घरांवर पसरविली. २०१२ साली खाणकाम थांबले, मध्यंतरी काही काळ चालू होऊन सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१८ साली ते पुन्हा थांबले, आणि लिलाव पार पडल्यावर २०२४ साली डिचोलीत पुन्हा सुरू झाले. पेडणे तालुक्याची परिस्थिती थोडी निराळी आहे. हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यांवर खारा वारा वाहतो, आणि मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाल्यावर प्रवासी गाड्यांची वर्दळही वाढली आहे.

या दोन्ही तालुक्यांतील कित्येक कुटुंबांच्या दृष्टीने गाडी ही हौसेची वस्तू नव्हे, तर उपजीविकेचे साधन होय. टॅक्सी बहुधा कर्ज काढून घेतलेली असते. ती निस्तेज दिसली तर प्रवासी नाराज होतो, आणि विकावयास काढली तर किंमत घसरते. म्हणूनच गाडीची चकाकी परत आणण्यासाठी मालक गॅरेजकडे वळतो आणि तेथे त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : पॉलिश हाताने करावे की यंत्राने? या प्रश्नाचे उत्तर समजण्यापूर्वी गाडीचा रंग म्हणजे काय, हे समजून घेणे आवश्यक आहे.

रंगाचे चार थर

कारखान्यातून बाहेर पडलेल्या आजच्या गाडीच्या पत्र्यावर सामान्यतः चार थर असतात. पत्र्याला गंजापासून वाचविणारा अस्तराचा थर, त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा दुसरा अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक संरक्षक थर, ज्याला कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात. या सर्वांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांपैकी पारदर्शक थर अवघा ३५ ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असतो. गाडीची चकाकी या थरात असते, आणि उन्हातील अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षणही हाच थर करतो.

पूर्वीची रीत वेगळी होती. १९२०च्या दशकात अमेरिकेत ‘ड्युको’ नावाचा लवकर सुकणारा रंग मोटारींसाठी वापरात आला. आपल्याकडील जुने कारागीर आजही रंगकामाला ‘ड्युको’ म्हणतात, ते त्यावरूनच. असा रंग मारून झाल्यावर तो घासूनच चमकवावा लागे. जितके घासावे तितकी झळाळी, हा समज त्या काळातला आहे. आजच्या गाडीला तो लागू पडत नाही, कारण प्रत्येक पॉलिशबरोबर पारदर्शक थराचा काही अंश निघून जातो आणि तो पुन्हा वाढत नाही.

आपल्या गाडीवर कोणता रंग आहे, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन एखाद्या कोपऱ्यात हलकेच घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर पारदर्शक थर नाही, किंवा असलेला झिजून गेला आहे, असे समजावे. अशा वेळी पुढे घासणे थांबवून जाणत्या कारागिराचा सल्ला घ्यावा.

चकाकी कशाने येते?

शाळेत प्रकाशाच्या परावर्तनाचा पाठ शिकविताना शिक्षकांना हे उदाहरण उपयोगी पडेल. पृष्ठभाग अगदी सपाट असला, तर त्यावर पडणारे किरण एकाच दिशेने परततात आणि आपल्याला स्पष्ट प्रतिबिंब दिसते. पृष्ठभागावर बारीक ओरखडे असले, तर किरण इतस्ततः विखुरतात आणि तोच रंग धुरकट भासतो. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. वास्तविक ओरखडे सर्व दिशांना गेलेले असतात. परंतु प्रकाश ज्यांच्यावर आडवा पडतो तेवढेच उजळतात, म्हणून ते वर्तुळाकार मांडल्यासारखे वाटतात. विजेरी हातात घेऊन ती सरकविली, की ती वर्तुळेही तिच्याबरोबर सरकतात. हा प्रयोग वर्गाबाहेर उभ्या असलेल्या कोणत्याही गडद रंगाच्या गाडीवर करून दाखविता येईल.

पॉलिश करणे म्हणजे या ओरखड्यांच्या कडा अतिसूक्ष्म कणांनी घासून पृष्ठभाग पुन्हा सपाट करणे. मोठ्या ओरखड्याच्या जागी लहान आणि लहानाच्या जागी डोळ्यांना न दिसणारा ओरखडा आणणे, एवढेच त्यात घडते.

डिचोलीची धूळ आणि सोनाराची लाल पूड

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. डिचोलीच्या खनिजातील हेमॅटाइट हे लोहाचे ऑक्साइड होय. त्याच लोह-ऑक्साइडाची अतिसूक्ष्म लाल पूड सोन्याच्या दागिन्यांना आणि काचेच्या भिंगांना अखेरची झळाळी देण्यासाठी दीर्घकाळ वापरली गेली आहे. पदार्थ तोच, मग रस्त्यावरील धूळ गाडी खरवडते आणि ती पूड भिंग चमकविते, असे का? फरक कणाच्या आकारात आहे. पुडीतील कण सुमारे एक मायक्रॉन किंवा त्याहूनही लहान आणि सारख्या आकाराचे असतात. धुळीतील कण त्याच्या कित्येक पट मोठे आणि वेडेवाकडे असतात, आणि त्यांच्या जोडीला हेमॅटाइटपेक्षाही कठीण असे वाळूचे कण असतात. गाडीचा पारदर्शक थर या दोहोंपेक्षा फार मऊ आहे.

यावरून एक महत्त्वाचा बोध मिळतो. सकाळी निघण्यापूर्वी कोरड्या फडक्याने गाडी पुसण्याची जी सवय अनेकांना आहे, ती म्हणजे दररोज थोडे थोडे खरवडणेच होय. वर्षभर असे पुसून नंतर पॉलिशवर पैसे खर्च करण्यापेक्षा प्रथम भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाच्या पाण्याची व दुसरी फडके खळबळण्याची. वरून खाली धूत यावे आणि मऊ, स्वच्छ फडक्याने पाणी टिपून घ्यावे. किनाऱ्यालगतच्या गावांत मिठाचा थर असाच गोड्या पाण्याने धुवावा. मीठ सुस्थितीतील रंगाला सहसा इजा करीत नाही. पण जेथे रंगाचा टवका उडून पत्रा उघडा पडला आहे, तेथे गंज झपाट्याने चढतो.

हाताचे काम

हाताने पॉलिश करण्यास खर्च कमी येतो. लहानसा स्पंज, पॉलिश आणि दोन-तीन मऊ फडकी एवढे साहित्य पुरते. दाराच्या मुठीभोवतालच्या खाचा, आरशांची कवचे, नावाच्या पट्ट्यांच्या कडा अशा अडचणीच्या जागी हातच पोचतो. मोटारसायकल पायलटांच्या वाहनांवर रंगाचे पृष्ठभाग लहान व वळणदार असतात. तेथे हाताचे काम सोयीचे आणि सुरक्षित ठरते. घर्षणाची उष्णता अल्प असल्याने रंग जळण्याचे भय जवळजवळ नसते.

तथापि हाताला मर्यादा आहेत. बोटांखाली दाब जास्त आणि बोटांच्या मधल्या जागेत कमी पडतो, त्यामुळे काम समान होत नाही. म्हणून फडके बोटांनी न दाबता सपाट स्पंजाचा आधार घ्यावा. पूर्ण गाडी हाताने घासण्यात दिवस जातो, आणि खोल गेलेले ओरखडे शेवटी राहतातच.

यंत्राचे काम

पॉलिशची यंत्रे मुख्यतः दोन जातींची आहेत. पहिल्या जातीत चकती एकाच आसाभोवती गरगर फिरते. हे यंत्र जलद काम करते, परंतु एका जागी क्षणभर अधिक रेंगाळल्यास तेथे उष्णता वाढून पारदर्शक थर भाजून निघतो. बॉनेटच्या व दारांच्या कडांवर रंग पातळ असल्याने तेथे अस्तर उघडे पडण्याचा धोका सर्वाधिक असतो. नवशिक्याच्या हाती हे यंत्र देऊ नये. दुसऱ्या जातीत चकती स्वतःभोवती फिरता फिरता लहानशा कक्षेतही डोलते. दाब फार झाला तर तिचे फिरणे मंदावते, त्यामुळे चूक लगेच जाणवते. शिकणाऱ्याने याच यंत्रापासून सुरुवात करावी.

यंत्राचा खरा लाभ असा, की दाब व गती सर्वत्र सारखी राहते आणि हाताला न जाणारे ओरखडेही पुष्कळ अंशी जातात. परंतु यंत्र चांगले म्हणून काम चांगले होतेच असे नाही. चकतीत अडकलेला धुळीचा एक कण मिनिटाला हजारो वेळा फिरतो आणि हाताने दिवसभरात होणार नाही इतके नुकसान क्षणात करतो. म्हणून चकती वरचेवर साफ करावी आणि जमिनीवर पडलेली चकती धुतल्याखेरीज वापरू नये. काम सावलीत, पत्रा थंड असताना करावे. कडांवर कागदी चिकटपट्टी लावावी. प्रथम फूटभर जागेवर सौम्य पॉलिशने चाचणी घ्यावी. तेवढ्याने काम भागत असल्यास जाड ‘रबिंग कंपाउंड’ला हात लावू नये. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने काढण्याचा हट्ट धरू नये; तो रंगकामाचा विषय आहे.

मालकाने काय विचारावे?

गॅरेजमध्ये गाडी देताना मालकाने तीन गोष्टी विचाराव्यात. पॉलिशपूर्वी गाडी नीट धुतली जाणार का? रंगाची जाडी मोजण्याचे साधन आहे का? आणि ओरखडे घासून काढले जाणार आहेत, की तेलकट द्रव्याने भरून झाकले जाणार आहेत? झाकलेले ओरखडे दोन-चार धुण्यांत पुन्हा वर येतात. पॉलिश आणि मेण, म्हणजे वॅक्स, यांतील फरकही लक्षात ठेवावा. पॉलिश थर घासते, तर मेण त्यावर पातळ आच्छादन देते. मेण पावसाळ्याआधी व नंतर हाताने लावणे उत्तम. यंत्राचे पॉलिश मात्र नड असेल तेव्हाच करावे. दरवर्षी सवयीने यंत्र फिरविल्यास काही वर्षांतच संरक्षक थर संपतो, आणि मग गाडी पुन्हा रंगविण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तो खर्च पॉलिशच्या अनेक पट असतो.

हातांना नवा उद्योग

खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीतील टिप्परमालकांपासून गॅरेजवाल्यांपर्यंत अनेकांच्या मिळकतीला धक्का बसला, हा अनुभव ताजा आहे. एकाच धंद्यावर विसंबून न राहता तरुणांनी कौशल्य आत्मसात करावे, हा त्यातील धडा होय. गाड्यांची निगा राखण्याचे काम थोड्या भांडवलात सुरू करता येते. डिचोली व पेडणे तालुक्यांत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, आणि भांडवलासाठी आर्थिक विकास महामंडळामार्फत राबविली जाणारी मुख्यमंत्री रोजगार योजना आहे. इच्छुकांनी तेथे चौकशी करावी.

हा उद्योग करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून विजेचे यंत्र चालवू नये. अर्थिंग व गळती-संरक्षक स्विच असल्याची खात्री करावी. चष्मा आणि नाकावर मुखपट्टी वापरावी. धुण्याचे तेलकट पाणी वाळवंटी, शापोरा वा तेरेखोल यांना मिळणाऱ्या नाल्यांत अथवा विहिरीजवळ सोडू नये.

हात आणि यंत्र यांत वैर नाही. मोठे सपाट पत्रे यंत्राने, खाचाखोचा हाताने, आणि मेणाचा अखेरचा हात हातानेच, अशी विभागणी जाणता कारागीर करतो. कोणते साधन घेतले यापेक्षा किती थर शिल्लक आहे हे ओळखून वेळीच थांबणे अधिक महत्त्वाचे आहे. कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत आणि त्यानंतरही गाडीचा रंग टिकावा असे वाटत असेल, तर उद्या सकाळी कोरडे फडके बाजूला ठेवून पाण्याची बादली हाती घ्यावी.