गाभण बकरीचा खुराक, पिल्लाचा जीव



सेमाडोहकडे फाल्गुनात फळलेली बकरी पावसाच्या झडीत विते. म्हणजे बकरी गाभण असते ती ऐन वैशाख-जेठात, रानात पाला नसतो तेव्हा. बकरी अर्धपोटी राहिली की पिल्लू किरकोळ जन्मतं, आईला दूध सुटत नाही, आणि पहिल्याच ओल्या थंडीत पिल्लू दगावतं. आपण म्हणतो, "पाऊस बाधला." खरं पाहता उपास बाधलेला असतो.

बकरीचे गाभणपण सुमारे १५० दिवसांचे. पिल्लाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. म्हणून फळल्याची तारीख भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. साडेतीन महिने झाले की खुराक सुरू करा.

१० किलो खुराक असा करा : ज्वारी किंवा मक्याचा भरडा ५ किलो, तूरचुरी अडीच किलो, सरकीची ढेप २ किलो २०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. बुरशी आलेली ढेप घालू नका.

गाभण बकरीला रोज पाव किलो द्या. व्यायल्यावर एक पिल्लू असेल तर ३०० ग्रॅम, दोन असतील तर ४०० ग्रॅम. सकाळ-संध्याकाळ वाटून द्या. पहिल्या दिवशी मूठभरच द्या, आठवडाभरात वाढवा. एकदम दाणा पडला तर पोट बिघडते. सोबत तुरीचे कुटार, बोर-बाभळीचा पाला आणि स्वच्छ पाणी हवेच. तूर काढल्यावर कुटार विकून टाकू नका, उन्हाळ्यासाठी कोरड्या जागी राखून ठेवा.

"जास्त चारलं तर पिल्लू अडते," असे काही जण म्हणतात. ठरल्या मापाने दिलेल्या खुराकाने तसे होत नाही. उलट पोटात जुळे असून बकरी उपाशी राहिली, तर ती खाणे सोडते, सुस्त बसते. असे दिसताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. गाभण बकरीला कधी टोचायची ते डॉक्टरांना विचारा.

पिल्लू जन्मताच पुसून कोरडे करा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावा आणि तासाभरात चीक पाजा. रोगाशी लढायचे बळ पिल्लाला आईच्या पोटात मिळत नाही, ते चिकातूनच मिळते. दोन किलोच्या पिल्लाला पहिल्या दिवसात थोडा थोडा करून २०० मिलिलिटर चीक पोटात गेला पाहिजे.

पाव किलो खुराक आज जड वाटेल. पण मेलेलं पिल्लू त्याहून महाग पडतं, हा हिशेब घरात बसून एकदा कराच.