विदागारातील अधूनमधून येणाऱ्या त्रुटी

मेघ संगणनावर (क्लाउड) चालणाऱ्या प्रणालीत बहुतेक विनंत्या यशस्वी होत असताना काही विनंत्या विदागाराशी संपर्क न झाल्याने वा मध्येच तुटल्याने फसतात. अशा दोषांना विदागारातील अधूनमधून येणाऱ्या त्रुटी म्हणतात. त्या बहुधा आपोआप नाहीशा होत असल्याने त्यांचे कारण शोधणे कायमच्या बिघाडापेक्षा अवघड असते.

कारणे

जोडण्यांची मर्यादा: विदागार एका वेळी ठरावीक जोडण्याच स्वीकारते. ही मर्यादा पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मुळात १००, तर मायएसक्यूएलमध्ये १५१ असते. गर्दीच्या वेळी ॲप्लिकेशन सर्व्हरांची संख्या आपोआप वाढली, की प्रत्येकाचा स्वतंत्र जोडणीसंच (कनेक्शन पूल) उघडतो. प्रत्येकी २० जोडण्यांचे ८ सर्व्हर १६० जोडण्या मागतात आणि जादा जोडण्या नाकारल्या जातात. गर्दी ओसरताच त्रुटीही थांबते.

निष्क्रिय जोडण्या: ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसचे नॅट गेटवे ३५० सेकंद वापरात नसलेली जोडणी सोडून देते. लिनक्समधील कीपअलाइव्ह संदेश मात्र, चालू केलेला असला तरी, मुळात ७,२०० सेकंदांनी जातो. अशा मार्गावरील जोडणी मृत झाल्याचे ॲप्लिकेशनला कळत नाही व शांत काळानंतरची पहिलीच विनंती फसते.

फेलओव्हर: मुख्य सर्व्हर बंद पडल्यास दुय्यम सर्व्हर त्याची जागा घेतो. ॲमेझॉन आरडीएसच्या मल्टी-एझेड रचनेत यास सामान्यतः ६० ते १२० सेकंद लागतात. जुना आयपी पत्ता साठवून ठेवणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये त्रुटी त्यानंतरही चालू राहते.

निदान

प्रथम त्रुटीची वेळ आणि क्रमांक नोंदवतात. मायएसक्यूएलमध्ये १०४० हा क्रमांक जोडण्या संपल्याचे, तर २०१३ हा क्रमांक प्रश्न चालू असताना संपर्क तुटल्याचे दर्शवतो. या वेळा सर्व्हरवाढ, देखभाल व फेलओव्हर यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या असता कारण बहुधा स्पष्ट होते.

उपाय

सर्व संचांची बेरीज मर्यादेच्या आत ठेवणे आणि जोडणीचे आयुष्य मार्गातील कालमर्यादेपेक्षा कमी ठेवणे, हे मुख्य उपाय होत. फसलेली विनंती वाढत्या अंतराने पुन्हा पाठवता येते. मात्र व्यवहार नोंदला जाऊन केवळ उत्तर हरवले असेल, तर पुनर्प्रयत्नामुळे रक्कम दोनदा वळती होऊ शकते. म्हणून प्रत्येक व्यवहारास एकमेव ओळखक्रमांक देतात.

उदाहरण

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबच्या जाळ्यातील उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने मायएसक्यूएलचे मुख्य सर्व्हर पश्चिम किनाऱ्यावर नेले. दोन्हीकडे परस्परांत नसलेल्या नोंदी राहिल्या. वेगापेक्षा विदेच्या अचूकतेस प्राधान्य दिल्याने सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली.