उथळ जलाशयावरील मासेमारीचा बेत : पाण्याचे वर्ष आणि त्याचे शब्द

गळ घेऊन पाण्यावर जाण्याचा बेत बहुधा सुटीचा वार पाहून ठरतो. खोल व स्थिर पाण्याच्या बाबतीत हा हिशेब काही अंशी चालतो. परंतु नदीच्या पाण्याने भरणाऱ्या व वर्षभरात पुष्कळसा आटणाऱ्या उथळ जलाशयाच्या बाबतीत तो फसतो. अशा जलाशयास स्वतःचे वर्ष असते आणि त्या वर्षाचे टप्पे दाखविणारे शब्द काठावरच्या बोलीत तयार असतात. फुगवटा, गाळपेर, चढण, निवळ हे ते शब्द होत. त्यांचा अर्थ नीट लावला म्हणजे बेताचा मोठा भाग आपोआप सिद्ध होतो.

वर्धा जिल्ह्यात प्रथम स्थळाचा विचार केला पाहिजे. बोर धरणाचा परिसर रमणीय असला तरी तो गळाच्या कामाचा नाही. बोर अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले व २०१४ मध्ये त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथे वन्यजीव संरक्षण कायद्याचा अंमल आहे. त्यापेक्षा आर्वी तालुक्यातील धनोडी येथील निम्न वर्धा प्रकल्पाचा जलाशय या विवेचनास अधिक उपयुक्त आहे. धरणाच्या भिंतीपाशी पाणी खोल असते. पण नदी जेथे जलाशयात शिरते त्या वरच्या अंगास सपाट शेतजमिनीवर पसरलेले उथळ पाणी आढळते. यासच फुगवटा म्हणतात. शब्द ‘फुगणे’ या धातूवरून आलेला असून त्यात पाणी वाहत आलेले नाही, अडल्यामुळे मागे चढलेले आहे, हा भेद नेमका व्यक्त होतो. पाटबंधारे खात्याच्या कागदांतही तोच शब्द आहे. खात्याची परिभाषा व गावची बोली एकाच शब्दावर येऊन थांबावी, असे क्वचितच घडते.

फुगवटा ओसरला की जी जमीन उघडी पडते तीत पीक घेतात. ती गाळपेर जमीन. मासेमारी करणाऱ्याने गाळपेरीचा काळ व्यर्थ समजू नये. भर उन्हाळ्यात त्या जमिनीवरून एक फेरी मारली असता जलाशयाचा तळ प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. नदीचे मूळ पात्र कोठून वळते, जुना नाला त्यास कोठे मिळतो, बुडालेल्या शेतांचे बांध व गाडीवाट कोणत्या बाजूस आहेत, हे सर्व तेव्हा दिसते. पुढे त्यावर पुरुषभर पाणी चढते व वरून सर्वत्र सारखेच दिसते. मासा मात्र त्याच जुन्या पात्राच्या व नाल्याच्या कडेने फिरतो. ज्याने उन्हाळ्यात तळ पाहिला त्यास कार्तिकात गळ कोठे टाकावा हे विचारावे लागत नाही.

या जलाशयाची आणखी एक विशेषता ध्यानात ठेवणे अवश्य आहे. वर्धा नदी मुलताईजवळ, सातपुड्यात, उगम पावते आणि धनोडीस येण्यापूर्वी अमरावती जिल्ह्यात मोर्शीनजीक सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरणात अडविली जाते. साहजिकच खालच्या जलाशयातील पाण्याची चढउतार केवळ आर्वीच्या आभाळावर अवलंबून नसते. येथे ऊन असताना वरून विसर्ग झाल्यास उथळ काठ पाहता पाहता पाण्याखाली जातो. पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही आठवड्यांत वरच्या धरणाच्या विसर्गाची चौकशी न करता फुगवट्यातील उंचवट्यावर बैठक मांडणे हे साहस नव्हे, अविचार आहे.

वेळेचा प्रश्न प्राणवायूशी निगडित आहे. २० अंश सेल्सिअस तपमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांस हे प्रमाण साडेसातच्या आसपास येते. उथळ पाणी लवकर तापते, आणि रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू वापरीत असल्याने पहाटे तो सर्वांत कमी असतो. यास्तव ‘पहाटेच जावे’ हा सरसकट दिला जाणारा सल्ला वैशाखातल्या शेवाळलेल्या पाण्यास लागू पडत नाही. तेव्हा रोहू मंदावतो. हवेतून श्वास घेऊ शकणारे मरळ, मांगूर व शिंगी मात्र तग धरून असतात. हिवाळ्यात कारण उलटे असले तरी निष्कर्ष तोच: थंडीने सुस्तावलेला मासा ऊन चढल्यावरच खाण्यास निघतो.

काळ्या मातीचे सूक्ष्म कण दीर्घकाळ पाण्यात तरंगत राहतात. त्यामुळे पावसाळा संपला तरी पाणी लगेच निवळत नाही, आणि गढूळ पाण्यात चमकत्या आमिषापेक्षा वासाचे आमिष अधिक उपयोगी पडते. हे ज्ञान नवे नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांस घालावयाचे खाद्य व गळाचे तंत्र यांचा विचार आहे. मराठीच्या अभ्यासकांस हा बाराव्या शतकातील ग्रंथ त्यातील प्राचीन मराठी पद्यांशांमुळे परिचित आहे; मत्स्यविनोदाकडे मात्र त्यांचे लक्ष फारसे गेले नाही. त्याचा परामर्श १९५१ मध्ये घेतला तो सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने.

माशांची नावेही बेतास साह्य करतात. ‘रोहित’ म्हणजे तांबूस, त्यावरून रोहू. ‘शृंगी’वरून शिंगी, आणि हे नाव तर सरळ इशाराच आहे, कारण तिच्या कल्ल्यामागील परांचा काटा विषारी असून त्याचा दंश फार ठणकतो. ‘मद्गुर’ या संस्कृत शब्दाशी संबद्ध असलेल्या ‘मांगूर’ या नावाने मात्र आज घोटाळा होतो. देशी मांगुराबरोबर आफ्रिकेतून आलेल्या मोठ्या, अधाशी जातीसही तेच नाव बाजारात चिकटले आहे. त्या विदेशी जातीच्या संवर्धनास भारतात बंदी आहे. शब्द एक व मासे दोन, अशा स्थितीत गळाला लागलेला ‘मांगूर’ दयाबुद्धीने पाण्यात परत सोडणारा देशी माशांचे नुकसान करून बसण्याचा संभव आहे. तेव्हा सोडण्यापूर्वी जात ओळखली पाहिजे.

सर्वांत अवघड शब्द आहे चढण. पहिल्या पुराबरोबर अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाच्या उलट दिशेस, म्हणजे फुगवट्याच्या माथ्याकडे व नाल्यांच्या मुखांकडे निघतात. मासा मिळविण्यास याहून सोपा काळ नाही; किंबहुना बेत आखणारे पुष्कळजण याच दिवसांची वाट पाहतात. परंतु उथळ पाण्यात अडकलेली एक मादी काढणे म्हणजे लाखभर अंडी काढणे होय. शिवाय जलाशयातील मासेमारीचा हक्क शासनाकडून ठेक्याने, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेस, दिला जातो. वर्धेच्या खोऱ्यात या व्यवसायातील कुटुंबे मुख्यतः भोई व ढिवर समाजाची. रोहू-कटला यांचे बीज संस्था विकत घेऊन पाण्यात सोडते. हौशी माणसाच्या गळास लागलेला रोहू हे कोणाचे तरी भांडवल असते. संस्थेची अनुमती आगाऊ घेणे हा यास्तव केवळ शिष्टाचार नव्हे.

एवढे जमेस धरता आषाढ-श्रावण वगळून कार्तिक ते फाल्गुन हा काळ उरतो. पाणी निवळू लागलेले, विसर्ग थांबलेला, जुन्या पात्राच्या कडा अजून बुडालेल्या. त्यातही रब्बीसाठी कालव्यात पाणी सोडल्यावर जलाशय झपाट्याने उतरू लागतो व मासा काठ सोडून आत सरकतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी गावात दोन गोष्टी विचाराव्यात: कालवा चालू आहे काय, आणि संस्थेचे जाळे त्या दिवशी कोणत्या बाजूस पडणार आहे.