नास्तिकाचें सुख आणि बुद्धाची अनासक्ति

ईश्वर नाहीं असें एकदां बुद्धीनें ठरविलें, म्हणजे माणसापुढील सर्व प्रश्न सुटले असें होत नाहीं. देवघर रिकामें करणें फारसें कठीण नाहीं. परंतु देवघरापुढें बसून माणूस जें मागत असे, तें शोकांतील धैर्य, भीतींतील आधार आणि हांव आवरण्याचें बळ, यांची गरज देवाबरोबर नाहींशी होत नाहीं. या गरजेपोटींच पाश्चात्य देशांतील अनेक निरीश्वरवादी विचारवंतांची दृष्टि बुद्धाकडे वळलेली दिसते. १९२७ सालीं लंडन येथें, आपण ख्रिस्ती कां नाहीं या विषयावर व्याख्यान देतांना बर्ट्रांड रसेल यांनीं शहाणपण व सदाचरण या दोन्ही बाबतींत बुद्ध आणि सॉक्रेटिस यांना ख्रिस्ताहून वरचें स्थान दिलें. पूर्वी भिक्षु असलेल्या स्टीफन बॅचेलर यांनीं २०१० सालीं स्वतःला ‘बौद्ध नास्तिक’ म्हणवून घेणारें पुस्तकच प्रसिद्ध केलें. हें आकर्षण नेमकें कशाचें आहे, आणि तें कोठपर्यंत टिकण्यासारखें आहे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

प्रथम ‘नास्तिक’ या शब्दाचाच उलगडा केला पाहिजे. पाणिनीच्या सूत्रावरील टीकाकारांच्या मतें परलोक नाहीं असें मानणारा तो नास्तिक. मनुस्मृतीच्या मतें वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. आणि आजच्या बोलण्यांत ईश्वर न मानणारा तो नास्तिक. हे तिन्ही अर्थ एकमेकांपासून अगदीं भिन्न आहेत. सांख्य आणि पूर्वमीमांसा या दर्शनांना जगत्कर्त्या ईश्वराची गरज वाटत नाहीं. तरीहि वेदांचें प्रामाण्य मानल्यामुळें तीं आस्तिकांच्या पंक्तीला बसतात. बुद्धानें वेदप्रामाण्य मानलें नाहीं आणि जगाचा कोणी कर्ता आहे हेंहि मानलें नाहीं. परंतु कर्माचें फळ आणि पुनर्जन्म या गोष्टी पालि ग्रंथांत पानोपानीं आढळतात. उलट, माणूस चार भूतांचा बनलेला असून मरणाबरोबर तो सर्वस्वीं संपतो असें सांगणाऱ्या अजित केसकंबलीच्या मताची गणना तेच ग्रंथ उच्छेदवादांत करतात आणि तें त्याज्य ठरवितात. म्हणजे तीन अर्थांपैकीं दोन अर्थांनीं बुद्ध नास्तिक ठरतो, तिसऱ्या अर्थानें ठरत नाहीं. पुढील सगळ्या चर्चेंतली अडचण या तिसऱ्या अर्थाशींच निगडित आहे.

ईश्वराच्या बाबतींत बुद्धाची भूमिका नास्तिकाला आपलीशी वाटावी यांत नवल नाहीं. दीघनिकायांतील तेविज्ज सुत्तांत दोन तरुण ब्राह्मण ब्रह्मदेवाशीं सायुज्य मिळविण्याच्या मार्गाविषयीं वाद घेऊन येतात. बुद्ध त्यांना विचारतो, कीं तुमच्या आचार्यांपैकीं, किंवा त्यांच्याहि पूर्वींच्या ऋषींपैकीं, कोणी ब्रह्मदेव प्रत्यक्ष पाहिला आहे काय? नसेल, तर जिचें नांव, गांव, रूप, कांहींच ठाऊक नाहीं अशा सुंदरीवर प्रेम करणाऱ्या माणसासारखी त्यांची स्थिति झाली. मज्झिमनिकायांत मालुंक्यपुत्त नांवाचा भिक्षु, जग शाश्वत आहे कीं अशाश्वत, याचें उत्तर मिळाल्यावांचून आपण साधना करणार नाहीं असा हट्ट धरतो. बुद्ध त्याला विषारी बाणानें घायाळ झालेल्या माणसाचा दृष्टांत देतो. बाण मारणाऱ्याची जात, उंची आणि धनुष्याची दोरी कशाची, ही चौकशी पुरी होईपर्यंत जो बाण काढूं देत नाहीं, तो चौकशी पुरी होण्यापूर्वींच मरतो. ग्रंथ येथें कोणत्याहि अदृष्ट शक्तीवर विश्वास ठेवावयास सांगत नाहीं. जखम दाखवितो, कारण सांगतो आणि उपाय पुढें करतो.

ही जखम म्हणजे दुःख, आणि तिचें कारण तृष्णा. या ठिकाणीं एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. सुख नाहींच, असें बुद्ध कोठेंहि म्हणत नाहीं. अंगुत्तरनिकायांत अनाथपिंडिक या श्रीमंत गृहस्थाला त्यानें संसारी माणसाचीं चार सुखें सांगितलीं आहेत : न्यायानें मिळविलेलें धन जवळ असल्याचें सुख, त्याचा उपभोग घेण्याचें व त्यांतून सत्कर्म करण्याचें सुख, कोणाचें ऋण नसल्याचें सुख आणि निर्दोष आचरणाचें सुख. यांतलें शेवटचें सर्वांत श्रेष्ठ. तेव्हां सुखें खोटीं आहेत असा बुद्धाचा आक्षेप नाहीं. तीं टिकत नाहींत आणि माणूस तीं टिकलींच पाहिजेत असा हट्ट धरतो, हा आहे. या हट्टाला पालि भाषेंत ‘उपादान’ म्हणतात. मूळ अर्थ इंधन किंवा धरून ठेवणें असा आहे. मूठ आवळली म्हणजे वस्तु अधिक काळ टिकत नाहीं, हात मात्र दुखतो.

हें निदान पटण्यास ग्रंथाचें प्रामाण्य लागत नाहीं. ज्यानें त्यानें तें आपल्या अनुभवाशीं ताडून पाहावें. आधुनिक मानसशास्त्रानें तें ताडून पाहण्याचा यत्न केलाहि आहे. १९७८ सालीं फिलिप ब्रिकमन व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंत सोडतींत मोठीं बक्षिसें मिळालेल्या २२ माणसांची तुलना तितक्याच सामान्य माणसांशीं केली. बक्षीस मिळालेले लोक सामान्यांहून विशेष सुखी आढळले नाहींत. इतकेंच नव्हे, तर रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतला त्यांचा आनंद उणावलेला दिसला. त्याच वेळीं अपघातानें पंगु झालेल्या २९ जणांचीहि पाहणी झाली. ते सामान्यांपेक्षां कमी सुखी असले, तरी कल्पना करावी तितके दुःखी नव्हते. मिळालेल्या वस्तूला मन लवकर सरावतें आणि पुढच्या वस्तूकडे धांव घेतें, हा निष्कर्ष बुद्धाच्या तृष्णेशीं जुळणारा वाटतो. तथापि तो ताणूं नये. ही पाहणी फारच थोड्या माणसांची होती. स्वीडनमधील सोडतीच्या विजेत्यांविषयीं २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत, भरघोस बक्षिसें मिळालेल्यांचें आयुष्याविषयींचें समाधान कित्येक वर्षें वाढलेलें आढळलें. पैशानें कांहींच साधत नाहीं असें म्हणणें म्हणूनच धाडसाचें ठरेल. परंतु समाधान वाढलें म्हणजे तृष्णा शमली असेंहि सिद्ध होत नाहीं.

आतां विरुद्ध पक्षाकडे वळलें पाहिजे. आणि विशेष हें, कीं बुद्धाचा सर्वांत तिखट प्रतिपक्षी ईश्वरवाद्यांत नसून नास्तिकांतच आहे. चौदाव्या शतकांतील सर्वदर्शनसंग्रहांत माधवाचार्यांनीं चार्वाकांचा युक्तिवाद नमूद केला आहे. सुखांत दुःख मिसळलेलें आहे म्हणून सुखच टाकावयाचें, हा मूर्खपणा होय. मासे खाणारा कांटे काढून मासे खातो, आणि कोंडा आहे म्हणून कोणी भात टाकून देत नाहीं. आयुष्य एकच असेल तर त्यांतलें प्रेम, आवड, महत्त्वाकांक्षा यांना आंवर घालून काय मिळवावयाचें? बुद्धाला ख्रिस्ताहून वर बसविणाऱ्या रसेल यांनींहि १९३० सालीं सुखप्राप्तीवर पुस्तक लिहिलें, तेव्हां जगाविषयींचा उत्साह, माया, काम आणि बाहेरच्या गोष्टींत रस घेण्याची वृत्ति हींच सुखाचीं साधनें म्हणून सांगितलीं. वैराग्याचा उपदेश त्यांत नाहीं. तेव्हां निरीश्वरवादी माणूस बुद्धाची तर्कशुद्धता उचलील, पण त्याची अनासक्ति उचलीलच असें नाहीं.

या आक्षेपाला उत्तर आहे, पण त्यासाठीं अनासक्ति म्हणजे काय हें नीट पाहिलें पाहिजे. पांचव्या शतकांतील बुद्धघोषानें विसुद्धिमग्ग या ग्रंथांत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांचा विचार करतांना प्रत्येकीचा एक दूरचा आणि एक जवळचा शत्रु सांगितला आहे. मैत्रीचा दूरचा शत्रु द्वेष, हें उघडच आहे. परंतु जवळचा शत्रु राग म्हणजे आसक्ति, कारण ती मैत्रीचाच वेष घेऊन येते. त्याचप्रमाणें उपेक्षेचा जवळचा शत्रु अज्ञानजन्य बेपर्वाई. म्हणजे ज्याला कशाचेंच कांहीं वाटत नाहीं, तो माणूस अनासक्त नव्हे. तो केवळ कोरडा आहे. मुलावर माया असणें निराळें, आणि मुलानें आपल्याच मनासारखें व्हावें म्हणून झुरणें निराळें. पहिलें मैत्रींत जमा होतें, दुसरें उपादानांत. पालि ग्रंथांत तृष्णेहून वेगळा असा ‘छंद’ हा शब्दहि येतो. चांगलें कांहीं करण्याची इच्छा या अर्थीं तो तेथें प्रशस्त मानलेला आहे. काम करण्याची उमेद बुद्धाला वर्ज्य नव्हती; स्वतः त्यानें पंचेचाळीस वर्षें गांवोगांव फिरून उपदेश केला, असें परंपरा सांगते.

याची खरी कसोटी मृत्यूच्या दारांत लागते. किसा गोतमीची कथा सर्वश्रुत आहे. मेलेलें मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते, आणि ज्या घरीं कोणी मेलेलें नाहीं अशा घरची मोहरी आणण्यास बुद्ध तिला सांगतो. ती दारोदार हिंडते. मोहरी प्रत्येक घरीं आहे, पण तसें घर एकहि नाहीं. या कथेंत मूल जिवंत होत नाहीं. तें स्वर्गांत सुखी आहे, असें आश्वासनहि तिला मोहरी मागतांना मिळत नाहीं. आपलें दुःख आपल्या एकटीचें नाहीं, एवढेंच तिला कळतें, आणि त्या कळण्यानें ती मुलाला खालीं ठेवूं शकते. परलोक न मानणाऱ्या घरांत मृत्यु येतो तेव्हां नेमकी हीच अडचण असते : खोटें सांत्वन नको, पण कांहींतरी सांत्वन हवें. खरें असून सांत्वन करणारें असें जें थोडें जगांत आहे, त्यांत या कथेची गणना करावी लागेल.

येथपर्यंत नास्तिक आणि बुद्ध बरोबरीनें चालतात. पुढें वाट फुटते. मरणाबरोबर सर्व संपत असेल, तर दुःखाचाहि शेवट प्रत्येकाला आपोआपच लाभतो. मग जन्मोजन्मींच्या फेऱ्यांतून सुटण्यासाठीं सांगितलेला एवढा खडतर मार्ग कशासाठीं? भिक्खु बोधि यांच्यासारखे पालि पंडित म्हणूनच पुनर्जन्म हा धम्माचा अविभाज्य भाग मानतात. बॅचेलर यांनीं १९९७ सालच्या आपल्या ग्रंथांत पुनर्जन्माविषयीं ‘ठाऊक नाहीं’ असें म्हणून पुढें जाण्याचा मार्ग सुचविला. त्या मार्गाला ग्रंथांत अगदींच आधार नाहीं असें नाहीं. केसपुत्त गांवच्या कालामांना उपदेश करतांना बुद्ध म्हणतो, कीं वैर व द्वेष यांपासून मुक्त झालेल्या माणसाला चार दिलासे असतात. परलोक असेल तर त्याला तेथें सद्गति मिळेल. आणि परलोक नसेल, तरी याच आयुष्यांत तो निर्वैर व सुखी राहील, हा त्यांतला दुसरा दिलासा. मात्र येथें प्रामाणिकपणा राखला पाहिजे. एका सुत्तांतला हा दिलासा म्हणजे सबंध बौद्ध धर्म नव्हे. जो नास्तिक केवळ एवढाच भाग घेतो, त्यानें औषधाची एक मात्रा घेतली आहे. वैद्याचें सगळें शास्त्र मान्य केलेलें नाहीं, हें त्यानें विसरूं नये.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशीं विशेष संबंध आहे. गोव्यांत जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांनीं बुद्धाचें चरित्र व उपदेश मराठी वाचकांच्या घरांत नेऊन पोंचविला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं लक्षावधि अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें भारतांतील सुमारें ८४ लाख बौद्धांपैकीं सुमारें ६५ लाख महाराष्ट्रांत होते. त्यांच्या निधनानंतर १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथांत आंबेडकरांनीं ईश्वर व आत्मा या दोहोंना स्थान दिलें नाहीं, आणि ईश्वराच्या जागीं नीति बसविली. परंतु त्यांनीं आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. सर्व दुःखाचें खापर दुःखी माणसाच्याच मनावर फोडणाऱ्या अर्थाला त्यांनीं आक्षेप घेतला. माणसानें माणसाला दिलेलें दुःखहि त्यांनीं धम्माच्या कक्षेंत आणलें, आणि दारिद्र्याचा गौरव करण्यास नकार दिला. हा इशारा मोलाचा आहे. पोटभर जेवलेल्यानें उपाशी माणसाला तृष्णात्यागाचा उपदेश करणें हें अनासक्तीचें नव्हे, निर्दयतेचें लक्षण होय.

तात्पर्य, बुद्धाची शिकवण नास्तिकाला कां रुचते याचें कारण ती नास्तिक आहे हें नव्हे. ती तपासून पाहतां येते, हें आहे. हांव आणि हट्ट कमी केला तर मन हलकें होतें कीं नाहीं, हें पाहण्यास ना देव मानावा लागतो, ना देव नाकारावा लागतो. सुखाचा आस्वाद घ्यावा हें चार्वाकाचें म्हणणें, आणि तें जातांना मूठ उघडावी हें बुद्धाचें. संसारी माणसाला या दोहोंची गरज पडते. पहिलें बहुधा कोणाला शिकवावें लागत नाहीं. दुसरें मात्र प्रत्येक पिढीला नव्यानें शिकावें लागतें, आणि तें शिकण्याची वेळ शोक दारांत येण्यापूर्वींची असते.